कोरडी कुंडी

अनंत चतुर्दशीला सुरतेत पाऊस असेलच असं नाही, पण तो गेला असंही कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. उधना, लिंबायत, डिंडोली भागातल्या मराठी सोसायट्यांमधून बाप्पाची मिरवणूक निघते तेव्हा ढोलावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद तयार ठेवलेला असतो. गॅलऱ्यांत तुळस, जास्वंद, मनीप्लँट तरारलेले असतात. नेमक्या याच दिवसांत एखाद्या घरात एक कुंडी गॅलरीतून उचलून आत आणली जाते. तिची पट्ट्यांसारखी लांब पानं अजून हिरवीगार असतात. तरी ती दिवाणाखाली सरकवली जाते, नाहीतर जिन्याखालच्या अंधारात आडवी करून ठेवली जाते, आणि तिचं पाणी बंद होतं. घरात नवी आलेली सून तांब्या घेऊन तिच्याकडे वळलीच, तर स्वयंपाकघरातून खान्देशी हाक येते, “पानी नको टाकू वं माय, सडी जाई!”

ही कुंडी ॲमरिलिसची. नर्सरीवाल्यांच्या लेखी सगळ्याच कांदेवाल्या फुलझाडांची जात एक, ‘लिली’. पावसाच्या पहिल्या सरींनंतर उगवणारी रेन लिली, मे महिन्यात लाल चेंडू फुलवणारी फुटबॉल लिली, आणि ही तिसरी, कर्ण्याच्या आकाराच्या मोठ्या फुलांची. पहिल्या दोघी आपापल्या वेळेला न सांगता येतात. तिसरीला थंडीत फुलवायचं असेल तर मात्र माणसाला हात घालावा लागतो, आणि तो हात पाणी घालण्यापेक्षा ते आवरण्यात जास्त लागतो.

विलायती खोक्यातून आलेल्या कांद्याबरोबर एक चिठ्ठी असते. ती सगळी थंडीची भाषा बोलते. बाहेर गोठणबिंदू यायच्या आत कुंडी घरात घ्या, उबदार खिडकीत ठेवा, हीटरच्या अगदी जवळ नको. सुरतेत ही चिठ्ठी वाचणाऱ्याची करमणूक होते. इथं जानेवारीच्या रात्री पारा पंधरा अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि दुपारी तीसवर जातो. स्वेटर कपाटातून निघतो तो बहुतेक पहाटेच्या दुधासाठी. बर्फापासून वाचवायला इथं काहीच नाही. पण जून ते सप्टेंबर असा चार महिने पाऊस आहे, समुद्राची दमट हवा आहे आणि पाणी धरून ठेवणारी काळी माती आहे. युरोपात ॲमरिलिस घरात येतं ते बर्फाच्या धाकानं. सुरतेत येतं ते पावसाच्या. छप्पर तेच, फक्त ते वेगळ्या ऋतूला अडवतं.

आणि कांद्याला हे छप्पर चालतं, कारण त्याला थंडीची फारशी ओढ नाहीच. ट्युलिपचा कांदा थंडी खाल्ल्याशिवाय धड फुलत नाही. त्याला सुरतेत फुलवायचं तर फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात जागा द्यावी लागते. बाजारात ॲमरिलिस म्हणून मिळणारी झाडं मूळची दक्षिण अमेरिकेतली, ब्राझील, पेरू, बोलिव्हिया या बाजूची. त्यांच्यातल्या अनेकांच्या मायभूमीत वर्षाचा एक तुकडा ओला आणि एक कोरडा असतो. कोरड्या महिन्यांत पानं सोडायची, सगळा ऐवज कांद्यात ओढून घ्यायचा आणि गप्प पडायचं, ही त्यांची रीत. म्हणजे हिवाळी फूल म्हणून जगभर विकलं जाणारं हे झाड खरं तर उन्हाळपावसाचं, दुष्काळ सोसणाऱ्याच्या वळणाचं आहे. तापीच्या वरच्या अंगाला जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीनं सुरतेच्या लूमवर आलेल्या माणसांना हे वळण समजावून सांगावं लागत नाही. पाणी कधी तोडायचं याचं गणित त्यांनी शेतातल्या कांद्यावरच केलेलं असतं. काढणीच्या आधी पाणी तोडलं नाही तर चाळीत कांदा टिकत नाही, हे तिकडचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

दिवाणाखाली मग आठ-दहा आठवडे जातात. पानं कडेनं पिवळी पडतात, मग चामड्यासारखी वाळतात आणि हलकं ओढलं की हातात येतात. काही घरांत कुंडी तशीच ठेवतात, काही घरांत कांदा उपसून काढतात. उपसलेला कांदा हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. वरचे पापुद्रे तपकिरी, कागदासारखे, चुरचुरणारे. आतला गोळा मात्र दगडासारखा घट्ट आणि वजनाला अपेक्षेपेक्षा जड. तळाशी चपटी चकती आणि तिच्यातून लोंबणारी जाड, पांढुरकी मुळं. ती वाळलेली दिसली तरी तोडायची नसतात. मान वरच्या बाजूला निमुळती होत गेलेली. दोरीनं किंवा टेपनं मोजला तर चांगल्या कांद्याचा घेर तीस सेंटिमीटरच्या पुढे भरतो, आणि बाजारात भाव ठरतो तो या घेरावर. असा कांदा जुन्या पेपरात गुंडाळून साडीच्या रिकाम्या खोक्यात ठेवला जातो. सुरतेत साडीच्या खोक्यांची कधीच वाण नसते.

या सगळ्या काळात बाहेरून काही घडताना दिसत नाही. आत मात्र फूल तयारच असतं. हे काही कवीचं बोलणं नाही. ॲमरिलिसचा कांदा आतल्या आत एका ठरावीक ओळीनं वाढतो: चार पानं, मग एक फुलाचा कोंब, पुन्हा चार पानं, पुन्हा एक कोंब. आज जी कळी बाहेर येते तिची सुरुवात कांद्याच्या पोटात साधारण वर्षभर आधी झालेली असते. विकत आणलेल्या कांद्याला पहिल्या वर्षी फूल आलं म्हणून शेजाऱ्यांना बोलावून दाखवणाऱ्याचा त्यात हात फारसा नसतो. ते फूल आदल्या वर्षी कुठल्यातरी शेतात किंवा काचघरात कुणीतरी घडवलेलं असतं. घरच्या माणसाची परीक्षा दुसऱ्या वर्षी. त्यासाठी फूल गेल्यावर दांडा कापून पानं तशीच राखावी लागतात, त्यांना मार्चपासून ऊन आणि शेणखत पुरवावं लागतं. पण फूल गेलं की कुंडी कोपऱ्यात जाते, हा गॅलरीबागांचा सार्वत्रिक नियम आहे, आणि बरेच कांदे त्या कोपऱ्यातच लहान होत होत संपतात.

मार्गशीर्ष लागला की कांदा पुन्हा कुंडीत येतो. कुंडी त्याच्यापेक्षा दोन-तीन बोटंच मोठी. मातीत निम्म्याला निम्मी रेती नाहीतर कोकोपीट, कारण नुसत्या काळ्या मातीत तळची चकती आठवडाभरातच मऊ पडते. कांद्याची मान आणि खांदे उघडे ठेवायचे. मग एकदा पाणी, आणि कोंब दिसेपर्यंत फार नाही. पहिल्या गुरुवारी घटाला पाणी घालता घालता या कुंडीलाही थोडं घातलं, अशी सोयीची पद्धत काही घरांनी पाडली आहे. कुंडी आता दिवाणाखालून खिडकीत आलेली असते.

कोंब मानेच्या मधोमध येत नाही, बाजूनं फुटतो. तो पानाचा की फुलाचा, यावर घरात पैजा लागतात. पानाचं टोक चपटं आणि पातळ. फुलाचं जाड, भरीव. एकदा निघाला की दांडा रोज दोन-तीन सेंटिमीटर चढतो, रात्रीतला फरक सकाळी डोळ्यांना दिसतो. उजेडाकडे तो इतका झुकतो की कुंडी दिवसाआड अर्धी फिरवली नाही तर मान वाकडी होते. दांडा आतून पोकळ असतो. टोकाला हिरवट आवरणात गुंडाळलेल्या कळ्या असतात. ते आवरण दुभंगून दोन्हीकडे लोंबतं आणि कळ्या एकमेकींपासून दूर सरकतात. दोन, चार, कधी सहा. पाणी सुरू केल्यापासून फुलापर्यंत सहा ते आठ आठवडे धरतात. सुरतेच्या उबेत हा काळ आखडतो. म्हणजे हिशेब जमला तर फूल उत्तरायणाच्या पुढेमागे.

जमला तर. कारण चौदा जानेवारीला सुरतेत कुणाचं लक्ष फुलाकडे नसतं. सगळं शहर गच्चीवर असतं, बोटांना मांजाच्या चिरा असतात, आणि खाली घराघरांत उंधियू शिजत असतो. सुरतेचा हिवाळा खरा सुरू होतो तो खाण्यात. नदीकाठी पोंक येतो, म्हणजे ज्वारीचा आपला हुरडा, सोबत लिंबू-मिऱ्याची शेव. उंधियूत जांभळा कंद, सुरती पापडी आणि मूठभर लीलुं लसण, ओल्या लसणाची हिरवी पात. त्या पातीशी खिडकीतल्या कुंडीचं नातं आहे. २००९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं फुलझाडांच्या कुळांची फेरमांडणी जाहीर केली, तेव्हा कांदा आणि लसूण यांना ॲमरिलिसच्याच कुळात आणून बसवलं. खान्देशी स्वयंपाकघरातला लसूण आणि दिवाणखान्यातलं फूल हे तेव्हापासून कागदोपत्रीही भाऊबंद आहेत. पण पंक्तीला दोघांना एकत्र बसवायचं नाही. ॲमरिलिसच्या कांद्यात लायकोरिन नावाचं विष असतं, पोटात गेलं तर मळमळ, उलट्या. पेपरात गुंडाळलेला कांदा भाजीच्या टोपलीजवळ ठेवू नये, रांगतं मूल आणि घरातलं कुत्रं-मांजर यांच्यापासून तो लांब ठेवावा, हे त्या विलायती चिठ्ठीत बारीक अक्षरात असतं आणि इथं ते ठळक असायला हवं.

खोक्यावर बहुतेक वेळा हॉलंडचं नाव असतं, आणि डच माणसाला सुरत काही नवी नाही. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच डच ईस्ट इंडिया कंपनी इथं व्यापाराला आली. सुरत म्हटलं की मराठी माणसाला १६६४ चा जानेवारी आठवतो, शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. त्या वेळी डचांची वखार शहरात उभी होती. त्यांच्या खुणा अजून आहेत. नानपुऱ्यात तापीकाठी डच गार्डन आहे, आणि कतारगाम रस्त्याला डच दफनभूमी. तिथला सर्वात मोठा, दुमजली घुमटाचा मकबरा हेन्ड्रिक ॲड्रियान व्हान रेडे या माणसाचा. तो कोचीचा डच कमांडर होता, पण त्याचं नाव टिकलं ते ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथामुळे. मलबारातल्या सातशेवर वनस्पतींची वर्णनं आणि चित्रं त्यात आहेत. पहिला खंड १६७८ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोंकणी वैद्यांचं, आपण या कामाला माहिती पुरवल्याचं निवेदन नागरी लिपीत आहे. छापलेल्या नागरीचा तो अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी एक.

व्हान रेडे १६९१ च्या डिसेंबरात समुद्रावरच वारला, कोचीहून सुरतेकडे येताना, मुंबईच्या आसपास. देह सुरतेला आणून पुरला. ग्रंथाचे शेवटचे खंड त्याच्या मागून निघाले. अकराव्या खंडात क्रायनमची चित्रं आहेत. क्रायनम म्हणजे आपल्याकडच्या ओढ्याकाठी, शेताच्या बांधाला पांढरी फुलं काढणारे गडांबी कांदे, नागदवणे. ॲमरिलिसचे हे देशी चुलतभाऊ कुणी कुंडीत लावत नाही, त्यांचा कांदा खोक्यात येत नाही, आणि पाऊस लागला तर त्यांना कुणी आत घेत नाही. पावसातच ते फुलतात.

याच माणसानं १६८५ मध्ये आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला, कंपनीच्या वसाहतीची तपासणी केली होती. तिथल्या एका खोऱ्याला पुढे त्याच्या जहागिरीचं, ड्राकेनस्टाइनचं, नाव मिळालं. आणि शास्त्राच्या दृष्टीनं खरं ॲमरिलिस असतं ते त्या केपच्या मुलखात. लिनियसनं १७५३ मध्ये ज्याला ॲमरिलिस बेलाडोना म्हटलं ते हेच, असं आता मानतात. ते कोरडा उन्हाळा संपता संपता, अंगावर एकही पान नसताना, नुसत्या दांड्यावर गुलाबी फुलतं. कुंडीतलं दक्षिण अमेरिकन झाड त्याच्याहून वेगळं, म्हणून विल्यम हर्बर्ट या इंग्रज पाद्र्यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला हिप्पिॲस्ट्रम असं वेगळं घर दिलं. नावाचा वाद तरी चालूच राहिला. १९८७ मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेनं तो मिटवला आणि नाव आफ्रिकेकडे राहिलं. बाजारानं निकाल ऐकला नाही. सुरतेच्या नर्सरीत जाऊन हिप्पिॲस्ट्रम मागणाऱ्याला रिकाम्या हातानं परत यावं लागेल.

संकराची सुरुवात मात्र शास्त्रज्ञानं केली नाही. इंग्लंडात लँकेशायरमधल्या प्रेस्कॉट गावच्या आर्थर जॉन्सन नावाच्या घड्याळजीनं १७९९ च्या सुमारास दोन दक्षिण अमेरिकन जातींचा संकर केला, लाल पाकळीवर पांढरी रेघ असलेला. काही कांदे त्यानं लिव्हरपूलच्या वनस्पती उद्यानाला दिले. ते बरंच झालं, कारण पुढे त्याचं स्वतःचं काचघर उद्ध्वस्त झालं आणि झाड वाचलं ते दिलेल्या कांद्यांमुळे. आज जगाच्या बाजारातले कांदे नेदरलँड्समधून येतात, दक्षिण आफ्रिकेतून येतात, आणि ब्राझीलमधल्या होलाम्ब्रातूनही. होलाम्ब्रा हे १९४८ मध्ये डच स्थलांतरितांनी वसवलेलं गाव. ब्राझीलची माती, डच माळी आणि गिऱ्हाईक नाताळाचं.

कांद्यांच्या या दळणवळणात मराठीला जवळचा एक माणूस भेटतो. बंगालमधल्या श्रीरामपूरचे मिशनरी विल्यम कॅरी. १८०५ मध्ये त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश. पण सकाळी व्याकरणाआधी ते बागेत असत. देशोदेशींच्या स्नेह्यांशी त्यांची बियांची आणि कांद्यांची देवघेव चालायची. ज्या हर्बर्टनं हिप्पिॲस्ट्रमला घर दिलं, त्यानंच एका क्रायनमला कॅरींचं नाव दिलं. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गनं आधीच कुंभ्याच्या झाडाला ते दिलं होतं. १८२० मध्ये कॅरींनी कलकत्त्याला ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी काढली. १८२३ च्या पुरानं त्यांची बाग धुऊन नेली, आणि त्यांनी ती पुन्हा लावली. आपल्यामागे सहकारी मार्शमन या बागेत गाई सोडतील, ही धास्ती त्यांना अखेरपर्यंत होती. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुरानं सुरतेचा मोठा भाग बुडाला, तळमजल्यावरच्या घरांत चिखल शिरला, तेव्हा किती कुंड्या वाहून गेल्या याची नोंद कुणी ठेवली नसेल. ठेवायला हवी होती असंही नाही. त्या दिवसांत मोजायला बाकी पुष्कळ होतं.

पाणी साचू न देण्याचं सुरतेचं दुसरंही एक कारण आहे. सप्टेंबर १९९४ च्या प्लेगनंतर या शहरानं स्वच्छतेचा धसका घेतला, आणि तो अजून उतरलेला नाही. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरोघर येतात, कूलर, टाक्या, कुंड्यांखालच्या बशा तपासतात. बशीत डासांची अळी सापडली तर बोलणी खावी लागतात, दंडही होतो. दिवाणाखालच्या कोरड्या कुंडीला त्यांच्याकडून काहीच धोका नसतो. तिला खरा धोका असतो तो दुसऱ्या अळीचा. उन्हाळ्या-पावसाळ्यात पानांच्या मागे अंडी दिसतात आणि दोन दिवसांत काळ्या अंगावर पांढरे-लाल ठिपके असलेल्या अळ्या पान टोकापासून खात सुटतात. औषध मारायची वेळ येऊ नये असं वाटत असेल तर पान उलटून पाहण्याची सवय लागते. त्यातली एक अळी मानेतून आत शिरली तर वर सगळं ठीक दिसतं आणि कांदा आतून पोकळ होतो.

परदेशी गेलेल्या लेकीबाळींकडेही हे खोकं पोचलेलं असतं, नाताळाच्या आधी सुपरमार्केटात चहा-बिस्किटांच्या शेजारी. टोरांटोची लेक व्हिडिओ कॉलवर आईला बर्फाच्या खिडकीतला लाल कर्णा दाखवते. उधन्याची आई विचारते, तिकडे पाणी कधी तोडतेस? लेक म्हणते, तोडायचं कशाला, हीटरनं आपोआप वाळतं. दोघींच्या कुंड्यांत एकाच जातीचे कांदे असतात, आणि दोघींनी एकमेकींना दिलेला सल्ला दोघींनाही लागू पडत नाही.

नव्यानं लावणाऱ्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात कांदा घ्यावा आणि घेताना लाजू नये. पापुद्रा बाजूला करून तळची चकती अंगठ्यानं दाबावी, मान दोन बोटांत धरून पाहावी. कुठेही मऊ लागली, ओला वास आला किंवा लालसर डाग चिघळलेला दिसला, तर रंगीत चित्र कितीही देखणं असो, कांदा परत ठेवावा. घट्ट निघाला तर घ्यावा, आणि घरी आणून पहिले चार दिवस तरी पाणी घालू नये.